सदलग्याचा धोंडा काट्यावर

मित्रांनो, मी सदलग्याच्या तालमीपुढचा जुना धोंडा. दूधगंगेच्या पात्रातनं मला आणला, पाथरवटानं टाकी मारून गोल केला आन् माझं वजन माझ्याच पाठीवर कोरलं. जत्रंत मला जो खांद्यावर घेईल, त्याला फेटा. कुणी मिशीला लई पीळ देत आला, की मी सुटून त्याच्या अंगठ्याजवळ पडतो. मुद्दाम. तेवढीच माझी करमणूक.

फेटा दरसाल भरमूचा. यंदा जत्रा दोन महिन्यांवर असताना सरावाला आला, मला गुडघ्यापतोर आणला आन् धप्प! परत धरला, परत धप्प.

“धोंडा बदललाय!” भरमू शेजारी उभ्या विक्रमवर वरडला. “विक्रम्या, तुझंच काम हे. फेटा पायजे न्हवं तुला?”

“मी कशाला बदलू रं? तूच ढिला झालाईस!”

लहानपणापासनं एका ताटात जेवलेले दोघं, आता गचांडी धरून उभे. खरं सांगू, मलाबी माझाच संशय आला. म्हटलं, पावसात पडून पडून मी फुगलो काय?

शेवटी मला ट्रॅक्टरात घालून सोसायटीच्या वजनकाट्यावर नेला. पाठीवरचा आकडा आन् काट्यावरचा, सारखाच. तरी भरमू म्हणतो, “काटावालाबी विक्रम्याचाच पावणा!”

तवर भरमूची बहीण माधवी सुट्टीला आली. बेळगावला कॉलेजात गोळाफेक करते. तिनं इचारलं, “अण्णा, अलीकडं नवीन काय करतोस?”

“रोज निपाणीच्या रस्त्यानं लांब पळतोय की. दम वाढवाय.”

“दम वाढला, व्हय. पण धोंड्याला दम न्हाय, झटका लागतो. मांडीत झटक्याचे स्नायू येगळे, दमाचे येगळे. रोज लांब पळून झटक्याच्या स्नायूंनीबी सावकाशीची सवय लावून घेतली. पळणं कमी कर. उड्या मार, जड उचल, मधी विसावा घे.”

भरमूनं डोळे बारीक केले. “विक्रम्यानं शिकवून धाडलंय काय तुला?”

पण केलं गड्यानं. तालमीच्या पायऱ्यांवर बेडकागत उड्या मारायचा, मी बघत बसायचो.

जत्रंत हलगी कडाडली. भरमू वाकला. मी अंगठ्याचा नेम धरलाच होता, तवर एकच झटका आन् मी खांद्यावर! तिथनं मला पाळणा दिसला, भज्याची कढई दिसली, विक्रमचं तोंड दिसलं.

“धोंडा बदललाय!” विक्रम वरडला. “हलका केलाय!”

आता मी परत ट्रॅक्टरात हाय, काट्याकडं निघालोय. मित्रांनो, हात असते तर जोडले असते. मी दगूड, मी वाढत न्हाय, कमीबी होत न्हाय. रोज बदलतंय ते तुमचं अंग. त्याला तुम्ही काय शिकवताय तेवढं बघा, मला सारखं तोलू नका. न्हाईतर मग अंगठे सांभाळा.