तेल ते तेल

रबराची ती जुनी चकती नव्या चकतीपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी मोठी भरत होती. एकावर एक ठेवल्या की जुनीची कड चहूकडून बाहेर यायची. मऊ, फुगलेली, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी. धाकटीने तिच्यावर नख रोवलं. वण तसाच राहिला.

तिने चकती खिशात टाकली आणि बाकावर दोन डबे मांडले. एक इंजिनाच्या तेलाचा, एक ब्रेकच्या. दोन्हींची लेबलं समोर. फसवाफसवी तिला करायचीच नव्हती.

अंगणात जाड टायरच्या चारचाकी बाइक रांगेने उभ्या होत्या. हंगामात टेकडीच्या उतारावरून लोकांना त्यांवर फिरवून आणायचं, हा या घराचा धंदा. हंगामाआधी नव्या गाइडांना गाडीची निगा शिकवायचं काम दाजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं. ऐकणारे मिळाले की दाजी इंजिनाच्या आधी तापायचे.

"तेल बघताना गाडी सपाटीवर हवी," ते सांगत होते. "कांडी पुसायची, परत बुडवायची, मग बघायची. आणि ब्रेक म्हणजे बायको. कुरकुर ऐकू आली की लगेच लक्ष द्यायचं."

गाइड हसले. धाकटीही हसली, इतरांपेक्षा जरा उशिरा.

हेल्मेटांच्या मांडणीपाशी दादा, या दोघी बहिणींचा भाऊ, डाव्या हाताने काचा पुसत होता. उजवं मनगट आता वळत नसे. दीड वर्षापूर्वी उतारावर त्याच्या गाडीचा पुढचा ब्रेक आपोआप धरला गेला आणि गाडी उलटली. "ब्रेक यानेच जोडले होते," दाजींनी चारचौघांत निकाल देऊन टाकला होता, "स्वतःच्या हाताने स्वतःचा हात घालवला." तेव्हापासून दादाने पान्याला हात लावला नव्हता. पुढे धाकटीने तो ब्रेक उघडला, तर आतलं रबर, आता खिशात होती तीच चकती, सुजलेलं आणि वास इंजिनाच्या तेलाचा. कुणीतरी ब्रेकमध्ये भलतंच तेल ओतलं होतं. झाकण कुणी उघडलं होतं, एवढंच तिने घरात विचारलं. दाजी म्हणाले, मी झाकणाला शिवलोसुद्धा नाही. ताई म्हणाली, मला बाई गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, मला मध्ये घेऊ नका. धंद्यात ताई-दाजींपासून वेगळं होऊ या, असं दादा दोनदा म्हणाला होता. ताईकडे बघून धाकटीनेच दोन्ही वेळा त्याला थांबवलं होतं.

"दाजी," ती आता म्हणाली, "नुसतं सांगून काय कळणार यांना? करून दाखवा की. या गाडीच्या ब्रेकचं तेल उतरलंय."

"मेव्हणीबाई आमची परीक्षा घेतायत बरं का!"

"छे हो. तुमची परीक्षा घेणारी मी कोण?"

दाजींनी हँडलवरच्या ब्रेक-तेलाच्या डबीचे स्क्रू काढले, झाकण उचललं, फुंकर मारून धूळ उडवली. धाकटी हात मागे बांधून उभी होती.

"तेल कमी झालं, तेल टाकलं. संपला विषय."

"कुठलं तेल, साहेब?" एका गाइडने विचारलं.

"तेल ते तेल रे. पातळ असलं म्हणजे झालं." दाजींनी हात लांबवून डबा उचलला. इंजिनाच्या तेलाचा.

धाकटीने दादाकडे पाहिलं. त्याचा काच पुसणारा हात थांबला होता. या एका क्षणासाठी तिने किती रात्री मनातल्या मनात वाक्यं घोटली होती. पहिलं वाक्य ओठांवर आलं. ती थोडी थांबली. डबा अजून जरा कलू दे.

"अहो, तो नको! दुसरा घ्या, रबर फुगतं त्याने!"

ऑफिसच्या दारात ताई उभी होती. बोलून झाल्यावर तिचा हात तोंडावर गेला.

दाजी डबा तसाच कलता धरून वळले. "रबर? कसलं रबर?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?" धाकटीने विचारलं.

"डब्यावर लिहिलेलं असतं गं."

"कधी वाचलंस?"

ताईने दादाच्या मनगटाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "हा दवाखान्यात होता तेव्हा. अपघाताच्या आदल्या दिवशी यांना ओतताना पाहिलं होतं मी. यांना ठाऊकच नव्हतं काय केलं ते, आणि मग सांगून तरी... कुणीतरी गप्प बसायलाच हवं होतं ना."

गाइड एकमेकांकडे बघत होते. दाजींनी डबा बाकावर ठेवला, पण हात त्यावरच राहिला. दादाने हेल्मेट खाली ठेवलं आणि तो धाकटीच्या शेजारी येऊन उभा राहिला.

घोटून ठेवलेली सगळी वाक्यं दाजींच्या मापाची होती. ताईला त्यांतलं एकही बसत नव्हतं. धाकटीने बहिणीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिथे रडू येऊ घातलं होतं. ते येईपर्यंत ती थांबली.

"ताई," ती म्हणाली, "दादा आणि मी वेगळे होतोय."