छातीवरचं नाव

परिपाठात बातम्या वाचायचं काम आठवीतल्या मैत्रेयीकडे होतं. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला की ती पुढे यायची आणि पेपर हातात धरून चार ठळक बातम्या खणखणीत आवाजात वाचायची. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या महापालिकेच्या एकोणचाळीस नंबर शाळेचा माईक कधीचा बंद पडला होता, पण मैत्रेयी असताना त्याची आठवण कुणाला होत नसे. त्या बुधवारी मात्र ती तिसऱ्या बातमीवर अडली.

“वाच ना गं,” मुख्याध्यापिका अंजनीबाई म्हणाल्या.

“बाई, हे वाचायचं?”

“पेपरात आलंय ना? मग वाच.”

मैत्रेयीनं वाचलं. “जिल्हास्तरीय शालेय कबड्डी स्पर्धेत गरुडपंख अकॅडमीच्या मुलींचा विजय. संचालक गुरुदत्त सर यांच्या मार्गदर्शनाखाली मुलींनी...”

पेपरातल्या फोटोत चषक उंच धरून जी मुलगी उभी होती, ती मैत्रेयीच होती. आजूबाजूच्या अकरा जणी याच शाळेच्या रांगांत उभ्या होत्या, आणि चषक बाईंच्या कपाटात होता.

“क्या बाई,” रांगेतून कुणीतरी बोललं, “खेललो आपण आणि नाव त्यांचं?”

अंजनीबाई रागावल्या आणि त्यांनी परिपाठ तिथंच संपवला. आपली चूक आपल्याला आधी कळते आणि मग राग येतो, तशातली ही गत होती.

कबड्डी बाईंच्या अंगातच होती. बदलापूरला माहेरी असताना त्या गावच्या संघातून खेळायच्या. एका पकडीत मोडलेली उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी होती, आणि खडू धरला की ती बाहेर यायची. शाळेला खेळाचा शिक्षक नव्हता. मैदान म्हणजे शाळेच्या मागची दगडगोट्यांची जागा. बाईंनी ती मुलींकडून साफ करून घेतली, चुन्यानं रेघा मारल्या आणि दोन वर्षं राबून बारा मुली तयार केल्या. बहुतेकींच्या आया जीन्सच्या कारखान्यांत शिवायच्या नाहीतर दोरे कापायच्या. सामन्यात बाई ओरडत नसत. वाकडी करंगळी वर केली की चढाईला जायचं, एवढी एकच खूण मुलींना पुरायची.

जिल्ह्याला खेळायचं ठरलं तेव्हा कळलं, नंबर छापलेली जर्सी सक्तीची आहे. बाईंनी शिक्षण विभागाकडे अर्ज केला. तीन महिने तो कुठल्या टेबलावर झोपला होता कोण जाणे, शेवटी उत्तर आलं की निधी नाही. तेव्हा चौकातल्या गरुडपंख अकॅडमी या खासगी शाळेचे गुरुदत्त सर देवासारखे धावून आले. बारा जर्स्या, लाल भडक, पाठीवर नंबर आणि छातीवर ठसठशीत अक्षरांत अकॅडमीचं नाव. “आपल्याच मुली आहेत मॅडम,” ते म्हणाले. बाईंनी मनाशी म्हटलं, क्रिकेटवाल्यांच्या छातीवर सुद्धा जाहिरात असतेच की. आणि घेतल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईंनी पेपरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, फोटोत नाव क्लिअर दिसतंय. दुरुस्ती टाकतो, जागा उरली तर.” जागा काही उरली नाही. गुरुदत्त सरांना फोन केला, तर ते मधाळ आवाजात म्हणाले, “पत्रकारांचा काहीतरी गैरसमज झालाय. सोडून द्या हो.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. “आमच्या रणरागिणी!” अर्ध्या फ्लेक्सवर गुरुदत्त सर हात जोडून उभे, कोपऱ्यात नखाएवढ्या बारा मुली, आणि खाली पाचवीपासूनचे प्रवेश सुरू असल्याची जाहिरात. आयत्या पिठावर रेघोट्या किती सुबक ओढाव्यात, ते या माणसाकडून शिकावं.

त्याच दुपारी शिक्षण विभागातल्या साहेबांचा फोन आला. रविवारी अकॅडमीच्या हॉलमध्ये मुलींचा सत्कार आहे, मुली जर्सी घालून हजर ठेवा. “आणि हे बघा मॅडम, ते आपल्या शाळांना कॉम्प्युटर देणार आहेत. उगाच वाकड्यात शिरू नका.”

बाईंनी स्वतःची समजूत घालून बघितली. चषक आपल्याकडे आहे, प्रमाणपत्रावर शाळेचं नाव आहे, मुली खेळल्या, जिंकल्या, आणखी काय पाहिजे? नाव काय, आज आहे उद्या नाही. ही समजूत शुक्रवारी सकाळी साडेदहापर्यंत टिकली.

साडेदहाला सदू आला. सदू मूळचा बारवी धरणाकडचा. तिकडे भातशेती भावाकडे ठेवून इथे टेम्पो चालवायचा. त्याची मुलगी किर्ती पाचवीत होती, काटकुळी, पण पायांत नुसता वारा.

“बाई, किर्तीचा दाखला पायजे व्हता.”

“का? गावी चाललात?”

“नाय वो. पोरगी म्हनते, मला कबड्डी खेलायची. तो चौकात बोर्ड लागलाय ना, पोरी जिल्ह्याला पयल्या आल्यात. म्हटलं, जिथं कबड्डी चांगली शिकवतात तिथंच घालू. फी जास्त हाय, पन मारीन दोन फेऱ्या जास्त.”

खिडकीतून मागचं मैदान दिसत होतं, चुन्याच्या रेघा दिसत होत्या. ज्या कबड्डीसाठी हा माणूस पोरीला इथून काढत होता, ती कबड्डी त्याच्या पाठीमागे वीस पावलांवर होती. सदूचा त्यात काही दोष नव्हता. पहाटे टेम्पो घेऊन जाणारा आणि अंधारात परत येणारा माणूस शाळेच्या मागे काय चालतं ते कधी बघणार? त्यानं फ्लेक्स बघितला. सगळं गाव फ्लेक्सच बघतं.

आणि किर्ती गेली की पाचवीचा वर्ग मोडणार होता. पट आधीच काठावर होता, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक होतं. एक जरी मूल कमी झालं, तरी उरलेली मुलं दुसऱ्या शाळेत पाठवायची असं वरून तोंडी बजावलेलं होतं. आज पाचवी, पुढच्या वर्षी सहावी, मग गेटला कुलूप.

“मंगळवारी या,” बाई म्हणाल्या. “दाखला लिहून ठेवते. पण रविवारी त्या अकॅडमीच्या हॉलमध्ये सत्कार आहे, त्याला किर्तीला घेऊन जा. कबड्डीच्या मुली बघायला मिळतील.”

संध्याकाळी शाळा सुटली तशा बाई तडक मैत्रेयीच्या घरी गेल्या. मैत्रेयीची आई यशोधरा एका जीन्सच्या कारखान्यात लेबलं शिवायची. जीन्स कुठली का असेना, तिच्या मशीनखालून गेली की तिच्यावर मोठ्या कंपनीचं नाव चढायचं. दारातच तिनं बाईंना बसायला स्टूल दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“मैत्रेयी सत्काराला जाणारच नाही म्हणते बाई. बापानं समजावलं, मी समजावलं. पेपर फाडून टाकला तिनं.”

“जाऊ नये असंच मलाही वाटत होतं,” बाई म्हणाल्या. “पण घरी बसलं की त्याचंच फावतं. जायचं. बाराही जणी जायच्या. शाळेच्या गणवेशात.”

“गणवेशावर कुठे काय लिहिलंय? निळी चौकडी तर सगळ्याच शाळांची.”

“तेच काम घेऊन आलेय तुझ्याकडे.”

यशोधरा हसली. “दिवसभर दुसऱ्यांची नावं लावते बाई. एकदा आपलं लावून बघते.”

शनिवारी ती कारखान्यात मालकाकडे, मधू शेठकडे, जीन्सचे तुकडे मागायला गेली. शेठनं कशाला पाहिजेत ते विचारलं, ऐकलं, आणि म्हणाला, “ले जा. चिंदी का क्या पूछना. और धागा वो मोटावाला नारंगी ले, दूर से दिखेगा.” दुपारपर्यंत बारा पट्ट्या तयार झाल्या. गडद निळ्या जीन्सवर जाड नारंगी दोऱ्यानं लिहिलेलं, शाळा नंबर ३९. अक्षरं थोडी वाकडी होती, पण शिवण अशी की कापड फाटेल, नाव निघणार नाही. मुलींनी लाल जर्स्या धुतल्या, वाळवल्या आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कडक घड्या घालून आणल्या.

रविवारी हॉल भरला होता. मंचावर सोफे, सोफ्यांवर गुरुदत्त सर, त्यांच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला अंजनीबाई, समोर शाली आणि नारळ. निवेदकानं घसा खाकरला आणि गर्जना केली, “आता सत्कार गरुडपंख अकॅडमीच्या रणरागिणींचा!”

रणरागिणी मंचावर चढल्या त्या धुऊन विटलेल्या निळ्या चौकडीच्या कुर्त्यांत. छातीवर निळ्या पट्ट्या, पट्ट्यांवर नारंगी नाव. गुरुदत्त सरांचं हसू अर्ध्यावर अडकलं. ते बाईंकडे झुकले. “मॅडम, जर्सी?”

“आणलीय ना,” बाई म्हणाल्या.

मैत्रेयी पुढे झाली. सरांनी शाल द्यायला हात पुढे केले होते, त्या हातांवर तिनं घडी घातलेली जर्सी ठेवली. “सर, धुऊन, इस्त्री करून आणलीय. तुमचं नाव जसंच्या तसं आहे.” मागून दुसरी आली, तिनंही ठेवली. मग तिसरी. सरांना हात मागे घेता येईना आणि खाली ठेवायला जागा सापडेना. बारावी जर्सी ठेवली तेव्हा ढीग त्यांच्या हनुवटीला टेकला होता आणि मागच्या खुर्च्यांत कुणीतरी फिदीफिदी हसत होतं.

मैत्रेयीनं माईक हातात घेतला. “नमस्कार. आम्ही महापालिकेच्या...” सरांनी मानेनं खूण केली आणि माईक मेला.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मैत्रेयीनं माईककडे बघितलं, मग बाईंकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. अंजनीबाईंच्या पेन्शनला चार वर्षं राहिली होती, आणि साहेब दोन हातांच्या अंतरावर बसले होते. बाईंनी उजवा हात वर केला आणि वाकडी करंगळी उभी केली.

मैत्रेयीनं मांडीवर थाप मारली. खोल श्वास घेतला आणि मंचावरून उडी मारून ती चढाईला निघाली. “एकोणचाळीस नंबर, एकोणचाळीस नंबर, एकोणचाळीस नंबर...” कबड्डीचा दम घुमतो तसा तिचा आवाज घुमायला लागला. खुर्च्यांच्या मधून ती पुढे चालली, गुडघ्यात वाकून, नजर समोर. ह्या गावात कबड्डी न कळणारा माणूस विरळा. दम तुटेल म्हणून बघणाऱ्यांनीच श्वास धरले. ती पार शेवटच्या भिंतीपर्यंत गेली, भिंतीला हात लावला आणि वळली. चेहरा लाल झाला होता, आवाज बारीक झाला होता, पण तुटला नव्हता. “एकोणचाळीस नंबर, एकोणचाळीस नंबर...” मंचाच्या कडेला हात टेकला तेव्हाच ती थांबली, आणि तिथंच खाली बसली.

मग मधल्या रांगेतून सदू उठला. त्याच्या एका हाताला किर्ती होती.

“म्हंजे या पोरी आपल्या सालंतल्या?”

“मग कुणाच्या?” बाईंनी मंचावरूनच विचारलं. “तुमच्या किर्तीच्या वर्गामागच्या मैदानात शिकल्यात. मी शिकवलंय.”

मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. साहेब उठले आणि बाईंच्या जवळून जाताना दातांतल्या दातांत म्हणाले, “मॅडम, याचे परिणाम होतील.”

“जर्सीच्या अर्जाला तुम्ही तीन महिने लावलेत साहेब,” बाई म्हणाल्या. “परिणामाला किती लावता बघू.”

परिणाम मात्र दोनच दिवसांत आला. मंगळवारी प्रतिज्ञा चालू असताना शिपायानं लिफाफा आणून दिला. कारणे दाखवा नोटीस. बाईंनी उभ्या उभ्या ती वाचली. घरी काय सांगायचं, पेन्शन अडवतील का, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. टेबलावर किर्तीचा दाखला लिहून ठेवलेला होता, तोही आठवला. सुविचार संपला. मैत्रेयी पेपर घेऊन पुढे आली.

बाईंनी तिच्या हातातला पेपर काढून घेतला आणि नोटीस दिली. “आज ही वाच.”

मैत्रेयीनं वाचली, तशीच, खणखणीत. “मुख्याध्यापिका यांनी जाहीर कार्यक्रमात शिस्तभंग केल्याचे निदर्शनास आले असून, त्यांनी सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा त्यांच्यावर कारवाई करण्यात येईल.” “बाई, काय लिहिणार तुम्ही?”

“जे झालं ते. दुपारी लिहीन. तू बातम्या अर्धवट सोडू नकोस.”

तेवढ्यात गेट वाजलं. सदू आत आला, टेम्पोची चावी बोटात फिरवत. मागे किर्ती, दप्तर पाठीला. बाई काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, “बाई, तो दाखला फाडून टाका. फकस्त तेवढी निली पट्टी कुठं शिवून भेटते ते सांगा. ही कालपास्नं जेवत नाय.”

किर्ती बापाचा हात सोडून धावत पाचवीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. मग मैत्रेयीकडे बघून मान हलवली.

मैत्रेयीनं नोटिशीची घडी घालून ती बाईंच्या हातात दिली आणि रिकाम्या हातांनी, मान ताठ करून सगळ्या शाळेला सांगितलं.

“आजची शेवटची ठळक बातमी. एकोणचाळीस नंबर शाळेतला पाचवीचा वर्ग मोडलेला नाही. बातम्या संपल्या.”