बानाबाईचं विमान

आमच्या देवगाव रंगारीत कुणी थाप मारली, की म्हणतात, "सोडलं का बानाबाईचं विमान!" परवा माझ्या नातीनं हे मलाच ऐकवलं. जेवताना मी लढाईतली एक गोष्ट जरा फुगवून सांगत होतो, तर ती म्हणाली, "आजोबा, बानाबाईचं विमान नका सोडू हं." इथं शहरात, चिकलठाण्यात वाढलेली पोर, गावी जाते वर्षातून दोनदा, पण ही म्हण तेवढी बरोबर उचलून आणली. सगळे हसले. मी गोष्ट तिथंच सोडली.

ते विमान माझं होतं.

मी आधी इंजिनिअर, मग वैमानिक. चीनची लढाई झाली तेव्हा सिव्हिलची पदवी नुकती हातात पडली होती. रस्ते, पूल सगळं सोडून हवाई दलात गेलो. तिथं जाण्याआधी तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, एक काम सांगितलं होतं. मळ्यातल्या विहिरीला कठडा नव्हता, तो बांधायचा होता. मी ऐटीत नकाशा काढला, दगड आणवले आणि बजावलं, "गावच्या गवंड्याला हात लावू देऊ नका, वाकडंतिकडं करून ठेवील. सुट्टीत येऊन मी उभा राहून बांधून घेतो." दोन वर्षं दगड तसेच पडून राहिले. शहाणपणा नडतो तो असा.

चौसष्टच्या हिवाळ्यात पुण्याच्या तळावरून सरावाचं उड्डाण होतं आणि वाट आमच्याच जिल्ह्यावरून. आईला आधी पत्र टाकलं, की बुधवारी दुपारी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, तात्यांचं पांढरं धोतर पसरून ठेव, म्हणजे वरून घर ओळखू येईल. ठरलेल्या उंचीच्या खाली यायला सक्त मनाई होती. पण धोतर दिसलं, शेजारी हात हलवणारी आई दिसली आणि मला राहवलं नाही. गावावरून गेलो, मळ्यावरून वळलो, पुन्हा आलो. बांधावरच्या बाभळी अगदी पोटाखालून गेल्या.

तात्यांचं पत्र आलं, "तू आलास, सर्वांनी पाहिले, तुझ्या आईला रडू आवरले नाही." बाकी काहीच नव्हतं त्यात.

शिमग्याला घरी गेलो तर विहिरीला कठडा झालेला, आणि तोही वाकडा. मी गवंड्याच्या नावानं ओरडायला लागलो, तेव्हा तात्यांनी मला बाजूला घेतलं. त्या दिवशी मळ्यात मल्हारी धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या. खतासाठी तात्यांनीच बोलावलं होतं त्याला. तो कन्नडच्या बाजाराला गेला होता आणि कळपापाशी त्याची बायको, बानाबाई, एकटी होती. विमानाच्या आवाजानं कळप उधळला. मेंढरांचं ठाऊकच आहे, एक गेलं त्याच्यामागं सगळी. एकोणीस मेंढ्या विहिरीत गेल्या.

"मल्हारीला काय सांगितलं?" मी विचारलं.

"इमान आलंच नाय, असं सांगितलं," तात्या म्हणाले. "चावडीवर समद्या गावानं ठरवलं. वर कळलं तर तुझी वर्दी जाईल. गावाचा एकच पोरगा इमानात हाय. तू बी तोंड उघडायचं नाय, काकासाहेब."

मी उघडलं नाही. मला तात्यांचा धाक नव्हता, मला वर्दी हवी होती. एवढं तरी खरं बोलतो.

बानाबाई मात्र सांगत राहिली. भेटेल त्याला सांगायची, "बाभळीच्या शेंड्याला लागून इमान गेलं." लोक माना खाली घालायचे, मग हसायला लागले. झोप लागली असेल आणि आता गोष्टी रचते, असं मल्हारीला वाटलं. त्यानं तिच्या हातातली काठी काढून घेतली. धनगराच्या बाईला पुन्हा कळपामागं जाऊ दिलं नाही. ती रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागली.

वर्दी उतरवून मी पुन्हा इंजिनिअर झालो तेव्हा एका रस्त्याच्या हजेरीपटावर तिचं नाव दिसलं. मी जीप वळवून घेतली. त्यानंतर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीचे रस्ते केले, पोरांची लग्नं केली, सत्कार घेतले. आणि जिथं तिथं कठडे बांधायला लावायचो. लोक म्हणायचे, साहेब फार काळजी घेतात. मला स्वतःची किळस यायची.

त्या जेवणानंतर बायकोला, द्वारकाला, सगळं सांगितलं. चाळीस वर्षांचा संसार, पण हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच देवगावला तिच्या घरी गेलो. बानाबाई ओट्यावर ज्वारी निवडत होती. खूप म्हातारी झाली होती, पण नजर साफ होती. "काकासायेब, या की," म्हणत तिनं घोंगडं अंथरलं. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच बोललो, "बानाबाई, विमान आलं होतं. ते मीच आणलं होतं. तुमचं खरं होतं, आणि मला ते पहिल्यापासून माहीत होतं."

तिचे हात सुपात थांबले.

"किती खाली व्हतं?" तिनं विचारलं.

"बाभळीच्या शेंड्याला लागून."

तिनं मान हलवली. मग दाराच्या आत, भिंतीला टेकवून ठेवलेल्या मल्हारीच्या काठीकडं बघितलं. काठीला हार घातलेला होता आणि हारातली फुलं अजून पुरती वाळली नव्हती.

"मला कशापाई सांगता?" ती म्हणाली. "म्या तर बघितलंच व्हतं. ह्यांस्नी सांगायचं व्हतं. गेल्या सोमवारपातूर व्हते की."