पांढरे तंतू उपाशी राहिले

मी टपाल वाटणाऱ्या एका बाईंच्या मांडीतला जुना स्नायू आहे. मित्रांनो, वरून मी एकसंध वाटतो, पण माझ्या पोटात दोन स्वभावांची मंडळी नांदतात. तांबडे तंतू संथ आणि चिवट. दिवसभर राबतील, पण कुरकुर करणार नाहीत. पांढरे मात्र तापट. क्षणात सगळा जोर लावतात आणि लगेच दमून बसतात. उडी, झेप, जोराची धाव ही त्यांची कामं.

लहानपणी बाईंकडे दोघांचीही चंगळ होती. त्या दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढायच्या, कुंपणावरून उड्या मारायच्या. पुढे खांद्यावर टपालाची पिशवी आली आणि नुसतं चालणं उरलं. तांबड्यांना रोज काम. पांढऱ्यांना कोणी विचारीना. ऑफिसातले म्हणायचे, "बाईंचे पाय म्हणजे लोखंड!" मीही फुशारून जायचो. वय वाढत गेलं तसे पांढरे वाळत गेले, पण बाहेरून कोणाला काय दिसणार?

बाईंची मुलगी सांगून थकली. "आई, रोज थोड्या उठाबशा काढ गं. जिना जरा जोरात चढ."

"अगं, दिवसभर पायाला भिंगरी असते माझ्या. आणखी कसला व्यायाम?"

निवृत्तीनंतर नातीला सांभाळणं हाच बाईंचा आनंद. एका सकाळी बागेत ती घसरगुंडीच्या कठड्यावर चढली आणि तिचा तोल गेला. बाई शेजारच्या बाकावर होत्या. अंतर दोन ढांगांचं. मी पांढऱ्यांना हाक मारली, पण उरलेल्या हडकुळ्यांच्याने काय होणार? तांबड्यांनी जिवाचं रान केलं. पण त्यांना जोर धरायला वेळ लागतो. पोरगी पडली. हात मोडला.

हाड जुळलं. पण त्यानंतर मुलीने आपल्या लेकीला आजीजवळ एकटं कधी सोडलं नाही. बाई आता टेबलाला धरून रोज खुर्चीतून झटकन उठतात, पुन्हा बसतात, घामाघूम होतात. पांढरे तंतू या वयातही थोडं बाळसं धरू लागलेत. हेच आधी झालं असतं तर, ही रुखरुख मला सोडत नाही.

मित्रांनो, भरपूर चाला. पण रोज थोडं पळा, उड्या मारा. ऐन वेळी ताकद उसनी मिळत नाही. काल रस्ता ओलांडताना नातीने आजीपुढे हात केला. बाईंनी धरायच्या आत तिच्या आईने तो धरला.