ओब्रादची प्रतिकारशक्ती

"बूट काढ म्हणते ना! पाय बघ, भिजवलेल्या वालासारखे फुगलेत."

"यजमान सपाता घालून उभा राहतो का कुठे? जा, मासे आण."

ओब्राद माझा नवरा. संत निकोला आमच्या घराण्याचा संत, आणि त्याच्या दिवशी घरभर पाहुणे. या दिवशी आमच्याकडे यजमान बसत नाही. पाहुणे जेवतात, तो उभ्याने वाढतो, पेले भरतो. सासरेही असेच उभे राहायचे.

मी त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि रक्तदाब मोजला. आकडा भलताच चढलेला.

"गोळ्या घेतोयस ना?"

तो खिडकीबाहेरचं बर्फ बघत राहिला.

"ओब्राद!"

"सोडल्यात. कधीच."

डॉक्टरीणबाईंनी उन्हाळ्यात नीट समजावलं होतं. शरीराचे रखवालदारच याच्या मूत्रपिंडांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडलेत, सूज त्याचीच आणि रक्तदाब चढतो तोही त्यामुळेच. नुसतं मीठ सोडून भागणार नाही, रखवालदारांना आवरायच्या गोळ्या हव्यात. नाहीतर मूत्रपिंडं जातील. पण हा पडला मधमाशा पाळणारा. पोळ्यातला डिंक ब्रँडीत मुरवून तो अख्ख्या गावाला विकतो, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून.

"लोक ती वाढवायला माझ्याकडे येतात, आणि मी मारायच्या गोळ्या गिळू? उलट मीच रोज अर्क घेतोय."

मला रडू आलं, आणि राग तर त्याहून जास्त.

"अरे गाढवा, जे तुला खातंय त्यालाच खुराक घालतोयस!"

बाहेरच्या खोलीतून माझा दीर तिहोमिर ओरडला, "दादा, पेले कोरडे पडले! सणाला बोलावलंयस की मयताला?"

ओब्राद बाटली घेऊन गेला. मी मागोमाग. पहिलाच पेला भरताना ब्रँडी टेबलभर सांडली आणि त्याने भिंत धरली. तिहोमिर ताडकन उठला, त्याने स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

"बस, दादा."

"वेड लागलं का तुला? आज?"

"बस म्हणतो ना!"

ओब्राद बसला.

मग शेजारचा लाझार उभा राहिला. त्याच्यामागून एकेक जण उठला, म्हातारी आत्यासुद्धा टेबलाचा आधार घेत उठली. यजमान बसलेला असताना आपण कसं जेवायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"बसा रे," ओब्राद म्हणाला. "मी अजून मेलो नाही."

कुणी बसलं नाही. तिहोमिर दवाखान्यात फोन लावत होता. मी कपाटातून गोळ्या काढल्या आणि सगळ्यांसमोर त्याच्यापुढे धरल्या. बघणाऱ्यांत त्याच्या अर्काची बाटली घरी नाही असा एकही नव्हता. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. डोळे मिटले आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं.