आदिरक्ताचा लोलक

गिरणीच्या जेवणाच्या दालनात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर काळा पडदा, पडद्याला मनगटापुरतं भोक आणि पलीकडे लोलक धरून बसलेले आदिगुरू. भोकातून हात घालायचा. लोलक गोल फिरला तर रक्त अस्सल, आडवा झुलला तर परकं. परक्यांनी संध्याकाळपर्यंत वसाहत सोडायची.

"चेहरा नाही, नाव नाही, फक्त रक्त बोलतं!" गुरू गरजले. "उत्तरेच्या बर्फाखाली आपल्या पूर्वजांची सोन्याची नगरी आहे. तिथून मला आदेश येतात!"

इथे भिंतीपलीकडचं धड ऐकू येत नाही, आणि यांना बर्फाखालचं ऐकू येतं म्हणे! पण हसायची सोय नव्हती. दारात करड्या सदऱ्यांतली पोरं काठ्या घेऊन उभी होती.

शाळेच्या बाई नवऱ्याला घेऊन गर्दीत उभ्या होत्या. त्या इथल्याच, पण नवरा बाहेरून आलेला, रंगखात्यातला. त्याने हात घातला आणि लोलक आडवा झुलला. मग रंगखात्यातल्या प्रत्येकाचं तेच झालं.

"बघ, एकही चूक नाही," शेजारच्या काकू कुजबुजल्या. "सगळे बाहेरचे बरोब्बर ओळखले!"

बाईंनी नवऱ्याचा हात हातात घेतला. नखांत निळा रंग मुरलेला होता, कितीही घासला तरी न जाणारा. बाहेरच्यांना या गिरणीत दुसरं काम देतच नसत. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

त्यांनी रांगेत उभं राहून हात घातला. "अस्सल!" टाळ्या पडल्या. मग मागच्या दाराने त्या रंगखात्यात गेल्या आणि तोच हात निळ्या रंगाच्या पिंपात बुडवून, पुसून परतल्या.

"अगं नको, जीव घेतील तुझा," नवरा म्हणाला.

"तसाही जाणारच आहे आपला संसार."

हात पुन्हा आत गेला. "परकं! विषारी रक्त! हाकला!"

बाईंनी पडदा खेचून पाडला आणि निळा हात उंच धरला. "एवढ्यात रक्त बदललं माझं, महाराज? मघाशी अस्सल होतं की!"

गुरूंची बोबडी वळली. "अपवित्र स्पर्शाने लोलक..."

"मग डोळे बांधून सांगा."

गुरूंनी लोलक मुठीत घट्ट धरला. बाईंनी लोलक काढून घेतला. "मनात गोल म्हटलं की गोल फिरतो, आडवा म्हटलं की आडवा. बोटं नकळत हलतात, बघा. यांनी रक्त नाही, नखं वाचली."

दारातला एक पोरगा पुढे आला. काकूंचाच मुलगा होता तो. "पण बाई, ते बाहेरचेच आहेत ना?"

बाईंनी त्याच्या काठीकडे बोट दाखवलं.

"आहेत. मग? हाकलायचं तुम्ही आधीच ठरवलं होतं. लोलक फक्त तुमची लाज झाकायला आणला."

काकूंनी मुलाच्या हातातली काठी काढून घेतली. तो मान खाली घालून उभा राहिला.

बाई लोकांकडे वळल्या. "माणसाला माणसापासून तोडणारा चमत्कार कुणी दाखवला, तर हात जोडण्याआधी डोळे उघडा. त्याला विचारा, कसं कळलं? आणि उत्तर मिळेपर्यंत कुणाच्याही दारावर काठी नेऊ नका."