नावगोत्रासकट

शरच्चंद्रांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं आणि पहिला पिंड उचलला. सर्वपित्री अमावास्येचा महालय धारच्या या घरात कधी चुकला नव्हता. चैत्रात अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला, तरी संस्कृतच्या या निवृत्त प्राध्यापकांची वाणी खणखणीत होती. चिंतामणी गुरुजी त्यांचेच विद्यार्थी. पोथी मिटून ते नुसते ऐकत होते.

शरच्चंद्रांच्या पत्नी माई स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या. यांचं काहीतरी बिनसलंय, हे त्या मुलाला सांगून सांगून थकल्या. आंघोळ करून आलेला माणूस पुन्हा आंघोळीला जातो, याला काय म्हणायचं? इंदूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शिकलेल्या माणसाचा विस्मरणाचा आजार वर्षानुवर्षं विद्येखाली झाकलेला राहतो, असा झटका आला की उघडा पडायला लागतो. पुन्हा आणा, नीट तपासू. पण देवासच्या कारखान्यात नोकरीला असलेला सुभाष ऐकेल तर शपथ! बाबांनी बाईंच्या सगळ्या प्रश्नांची बिनचूक उत्तरं दिली, वर त्यांचा एक उच्चारही सुधारला, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

वडील, आजोबा, पणजोबा झाले. आईकडचे झाले. मग पत्नीची जागा आली. माई हयात, म्हणून ती गाळून पुढं जायचं, हे ठरलेलं. शरच्चंद्र थांबले आणि स्पष्ट आवाजात त्यांनी माईंचं नाव घेतलं, मनोरमा, नावगोत्रासकट.

शरच्चंद्रांचे डोळे वाहत होते. स्वतःच्या आईच्या दिवसांतही हा माणूस रडला नव्हता.

गुरुजी काही बोलणार, तोच माईंनी मान हलवली.

"असू द्या, गुरुजी. ठेवू द्या त्यांना."

सुभाषला संस्कृतातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो तांब्या भरायला आत आला तो खुशीतच.

"देख ना माई, बाबा एकदम फिट आहेत. एक अक्षर नाही अटकले. तू खालीपीली टेन्शन घेते."

आपलं कुणीतरी खरं मानावं म्हणून माई किती तळमळल्या होत्या. आता आपण खोट्या ठरलो असतो तर बरं, असं त्यांना वाटलं.

"अक्षर नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "पण तो शेवटचा पिंड माझ्या नावानं ठेवलाय."

सुभाषनं वळून पाहिलं. बाबा त्या पिंडावर तिळाचं पाणी सोडत होते, आणि त्यांचा हात थांबत नव्हता.